आजारपणानंतर केस गळतात तेव्हा: दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळच्या माझ्या दवाखान्याचं वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. जुलै-ऑगस्टात तापाचे पेशंट, गणपतीत प्लेटलेटचे रिपोर्ट आणि दिवाळीच्या आगेमागे केसांच्या पुड्या. पुड्या म्हणजे खरोखरच पुड्या. कोणी वर्तमानपत्रात बांधून आणतं, कोणी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. एका मुलीने तर रोजचे केस वेगवेगळ्या पाकिटांत घालून वर तारखा लिहून आणल्या होत्या. त्या टेबलावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं. मी वैद्य आहे, त्यामुळे उत्तरं आयुर्वेदाच्या अंगाने आहेत. जिथे रक्ततपासणी किंवा त्वचारोगतज्ज्ञ हवा, तिथे तसं सरळ लिहिलं आहे.

ताप ऑगस्टमध्ये आला होता, मग केस आत्ता नोव्हेंबरात का गळतायत?

कारण आज कंगव्यात आलेल्या केसाने राजीनामा ऑगस्टातच दिला होता. नोटीस पिरियड आत्ता संपला.

डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस एरवी वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था काही वर्षं चालते. उरलेले केस विश्रांतीत असतात आणि विश्रांती तीनेक महिन्यांची. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने उतरलेलं वजन असा धक्का बसला की शरीर काटकसर सुरू करतं. केस वाढवणं हे काही जिवावरचं काम नव्हे, म्हणून तो खर्च आधी थांबतो. वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात. पण जातात म्हणजे गळत नाहीत, दोन-तीन महिने जागेवर तसेच बसून राहतात. मग खालून नवा केस वर यायला लागतो आणि जुना सुटतो. त्वचारोगतज्ज्ञ याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात.

डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, लेप्टो, कोविड, सगळ्यांचं गणित हेच. मुंबईत ताप पावसाळ्यात येतो, म्हणून केस दिवाळीत गळतात. लोकांना वाटतं नवीन शाम्पू बाधला, नाहीतर फटाक्यांचा धूर.

केस मुळासकट निघतोय, टोकाला पांढरी गाठ दिसते. तिथे पुन्हा केस येईल का?

येईल. ती गाठ मूळ नाही.

पुडीतला एक केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. एका टोकाला खसखशीच्या दाण्याहून बारीक, कोरडा, पांढरट ठिपका दिसेल. विश्रांती पूर्ण करून सुटलेल्या केसाचं ते टोक. केस जिथून उगवतो ते मूळ टाळूच्या आतच राहिलेलं असतं. म्हणजे ज्या गाठीला सगळे घाबरतात, तिचा अर्थ केस रीतसर वेळ भरून सुटला एवढाच. गाठ नसलेला, मधूनच तुटलेला केस मिळाला तर तो गळलेला नाही, तुटलेला आहे. त्याचं कारण वेगळं: कोरडेपणा, स्ट्रेटनिंग, ओल्या केसांत ओढलेला कंगवा.

रोज किती केस गळणं ठीक?

पन्नास ते शंभर. दोन दिवस केस धुतले नाहीत तर तिसऱ्या दिवशी दोन दिवसांची थकबाकी एकदम मोरीच्या जाळीवर दिसते. म्हणून मोजत बसू नका. घरी अंदाज घ्यायचा असेल तर एक दिवस न धुतलेल्या केसांची साठेक केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढा. सहापेक्षा जास्त हातात आले तर गळती वाढलेली आहे. चार-पाच ठिकाणी करून पाहा, रोज करू नका.

आयुर्वेद याच्याकडे कसा बघतो?

दोन वाटांनी, आणि त्यांची गल्लत होते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली वाट केसाच्या जागेची. केस गळण्याला ग्रंथांत खालित्य म्हटलंय. सुश्रुतसंहितेत त्याचं वर्णन असं: पित्त वाताबरोबर रोमकूपात, म्हणजे केसाच्या छिद्रात शिरतं आणि केस पाडतं. मग कफ आणि रक्त ते छिद्र बुजवतात, म्हणून तिथे पुन्हा केस उगवत नाही. हे वर्णन कायमच्या टकलाला आणि चाईला, म्हणजे गोल चट्ट्यांनी केस जाण्याला, जवळचं आहे. तापानंतरच्या गळतीत दुसरा भाग, छिद्र बुजण्याचा, घडतच नाही. म्हणून खालित्याची सगळी जोरदार चिकित्सा इथे लावायचं कारण नाही.

दुसरी वाट पोषणाची, आणि माझ्या मते आजारपणानंतरच्या गळतीला तीच लागू पडते. अन्नापासून रस, मग रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा, शुक्र असे धातू क्रमाने पोसले जातात. केस हा अस्थिधातूचा मल, म्हणजे अस्थी पोसताना उरणारा भाग. पाचव्या घराला पाणी मिळायचं तर आधीच्या चार घरांच्या टाक्या भरायला हव्यात, आणि पाणी चढवणारा पंप म्हणजे अग्नी. ताप आला की अग्नी मंद होतो हे तर ज्वर कसा होतो याच्या वर्णनातच आहे. ताप उतरला तरी पंप लगेच पूर्ण जोराने चालत नाही. भूक नाही, जिभेला चव नाही, जिना चढताना धाप लागते. अशा माणसाच्या डोक्याला कितीही महागडं तेल लावलं तरी पाचव्या मजल्यावर पाणी येणार नाही. चाळीत राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न केसांचा नसतोच. सकाळी भूक लागते का, पोट साफ होतं का, झोप लागते का, हे मी आधी विचारतो. पेशंट वैतागतात.

मग सुरुवात कुठून करायची?

ताटापासून.

तापातून उठलेल्यासाठी ग्रंथांत जेवणाची पायरी-पायरीची चढण सांगितली आहे: पेया, विलेपी, यूष, मग मांसरस. नावं अवघड असली तरी आपल्या घरात हे सगळं आहे. पेया म्हणजे कोकणातली पेज. विलेपी म्हणजे गुरगुट्या मऊ भात, वर मेतकूट आणि चमचाभर तूप. यूष म्हणजे मुगाचं पातळ कढण, आधी साधं, मग तूप-जिऱ्याची फोडणी दिलेलं. मांसरस म्हणजे अळणी रस्सा. मासे खाणाऱ्या घरात आजाऱ्याला मुडदुशीचं पातळ कालवण देतात, तेही याच रांगेतलं.

चूक दोन टोकांना होते. एक टोक म्हणजे डिस्चार्ज मिळाला त्याच रात्री ‘अंगात ताकद यावी’ म्हणून चिकन बिर्याणी. दुसरं टोक माझ्या पिढीच्या घरांत जास्त, ते म्हणजे महिनाभर मऊ भात. पेज ही पायरी आहे, मुक्काम नव्हे. ग्रंथातला पूर्ण क्रमसुद्धा सात दिवसांत संपतो. साठ किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतात. पातळ वरण आणि मऊ भातावर तो हिशोब जुळत नाही, आणि केस तर सगळा प्रथिनांचाच. पथ्याच्या नावाखाली महिनाभर अर्धपोटी राहिलेल्यांची गळती दुसऱ्यांदा वाढलेली मी पाहिली आहे. भूक परतली की उसळ, अंडं, मासे, दूध, पनीर, भाकरी ताटात येऊ द्या.

आणि मीठ. चरकसंहितेत अति मीठ खाणाऱ्यांना अकाली टक्कल, पांढरे केस आणि सुरकुत्या येतात असं स्पष्ट म्हटलं आहे. तोंडाला चव नाही म्हणून आजारपणात लोणचं, पापड, वेफर्स, फरसाण यांचाच आधार घेतला जातो. चव आणायला लिंबू, आलं, कोकम, पुदिना वापरा.

विश्रांतीचं काय? ऑफिसला कधी जायचं?

चरकांनी ज्वरातून सुटलेल्याला अंगात बळ येईपर्यंत व्यायाम, मैथुन, स्नान आणि चंक्रमण टाळायला सांगितलं आहे. चंक्रमण म्हणजे फिरणं. त्या काळी दादरचा पूल नव्हता. ताप उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी बदलापूरहून उभ्याने लोकल पकडणारा माणूस मला दर पावसाळ्यात भेटतो, आणि रजा नाही म्हटल्यावर वैद्य काय बोलणार! निदान जिम आणि डाएटिंग दीड-दोन महिने बाजूला ठेवा. आजारपणात उतरलेल्या वजनावर खूश होऊन ते तसंच टिकवायचा प्रयत्न केस गळतीला सरळ खतपाणी घालतो.

अळिवाचे लाडू खाल्ले तर फायदा होतो का?

हो, हा माझ्या आवडीचा उपाय. अळीव, ओलं खोबरं, गूळ. अळिवात लोह भरपूर असतं आणि बाळंतिणीला हे लाडू देणाऱ्या आज्यांना बाळंतपणानंतरची केसगळती आपल्या आधी माहीत होती. दिवसाला एक लाडू पुरे. अळीव उष्ण आहे, त्यामुळे ज्यांना मूळव्याध किंवा आंबटपित्ताचा त्रास आहे त्यांनी भिजवून दुधात शिजवलेली खीर अर्धी वाटी घ्यावी. गरोदरपणात नको. मधुमेह असेल तर गुळाचा हिशोब धरा. आणि लाडवाबरोबर चहा नको. चहामुळे लोह अंगी लागत नाही. आवळा किंवा लिंबू बरोबर असेल तर उलट चांगलं लागतं.

तेल कधीपासून लावू? कोणतं?

अंगात ताप असताना नकोच. सर्दी-कफ किंवा अपचन असताना अभ्यंग करू नये, हा नियम अष्टांगहृदयातला आहे. म्हणजे भूक लागायला लागली की तेलाची बाटली उघडायची.

रोज डोक्याला तेल लावणाऱ्याचे केस गळत नाहीत आणि पिकत नाहीत, असं चरकांनी दिनचर्येत म्हटलं आहे. तेलविक्रेत्यांना हा श्लोक पाठ असतो. पण तो निरोगी माणसाच्या रोजच्या सवयीबद्दल आहे. सुटायला निघालेल्या केसाला तेल थांबवू शकत नाही, कारण त्याचा निर्णय तीन महिन्यांपूर्वीच झालेला असतो. उलट तेल चोळताना सैल झालेले केस एकदम हातात येतात आणि लोक तेल बंद करतात. ते केस उद्या आंघोळीत जाणारच होते.

मग तेल कशाला? झोपेसाठी, टाळूच्या कोरडेपणासाठी आणि उरलेले केस तुटू नयेत म्हणून. शेवटच्या मुद्द्याला चांगला पुरावा आहे. मुंबईतल्याच एका तेल कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने केसातली प्रथिनं धुपून जाण्याचं प्रमाण कमी झालं, सूर्यफूल आणि खनिज तेलाने झालं नाही. कंपनी तेलाचीच होती, हे लक्षात ठेवूनही अभ्यास बरा आहे. माका या वनस्पतीने केस वाढवण्याचे प्रयोग उंदरांवर झालेत. त्यावरून माणसाच्या डोक्याची हमी देणाऱ्या जाहिराती खोट्या समजा.

आठवड्यातून दोन-तीनदा, रात्री, दोन चमचे कोमट तेल बोटांच्या पेरांनी लावा. नखांनी नको, रगडून नको. टाळू तेलकट असेल, कोंडा असेल तर रात्रभर ठेवू नका, तासाभराने धुवा.

माक्याचं तेल घरी करता येतं का?

येतं, आणि बाजारच्या हिरव्या रंगाच्या तेलापेक्षा चांगलं होतं. पितृपक्षात श्राद्धासाठी माका लागतो, तेव्हा दादरच्या फूलबाजारात त्याच्या जुड्या सहज मिळतात. खरा माका ओळखायला देठ चुरडून तळहातावर घासा. हिरवा डाग थोड्या वेळात काळपट होतो. फूल पांढरं, शर्टाच्या बटणाएवढं.

प्रमाण शास्त्रातलं: कल्क (वाटलेली वनस्पती) एक भाग, तेल चार भाग, रस सोळा भाग. म्हणजे पाव लिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलाला एक लिटर माक्याचा रस आणि ६० ग्रॅम वाटलेला माका. लिटरभर रसाला किती जुड्या लागतात हे पाहून पहिल्यांदा सगळेच थक्क होतात. कमी पडला तर तेलही त्याच हिशोबाने कमी घ्या. जाड बुडाच्या कढईत सगळं एकत्र करून मंद आचेवर ठेवा. पहिला तासभर नुसती हिरवी उकळी. मग आवाज बदलतो. खदखद थांबून चुरचुर सुरू होते. तळाशी बसणारा कल्क चमच्याने काढून बोटांत वळा. चिकटला तर अजून पाणी आहे. सुरेख वात वळली की तीच वात आचेवर धरायची. तडतडली तर थांबा, निमूट जळली की तेल सिद्ध झालं. त्याच वेळी वर फेस येतो. गॅस लगेच बंद करा, दोन मिनिटं उशीर झाला तर कल्क करपतो. पाणी राहिलं तर पंधरा दिवसांत बाटलीला वास येतो, आणि दमट हवेत आठ दिवसांतही. माझ्या पहिल्या तेलाला आला होता. आईने ती बाटली बिजागऱ्यांना तेल घालायला वापरली.

डोक्यावरून गरम पाणी घेतलं तर चालेल?

कोमट घ्या. गरम पाणी गळ्याखाली बळ देतं आणि डोक्यावर घेतलं तर केस आणि डोळे यांचं बळ कमी करतं, असं अष्टांगहृदय लिहिणाऱ्या वाग्भटांनी म्हटलं आहे. गीझरच्या कडकडीत पाण्याने टाळू कोरडी पडते हे तर दिसतंच.

पाण्याचंच बोलायचं तर मुंबई महापालिकेचं तलावांचं पाणी केसांसाठी वाईट नाही. टँकर आणि बोअरवेलचं जड पाणी केस राठ करतं, पण त्याने मुळातून गळती लागत नाही. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घेतले की पुरे. शिकेकाई वापरा, सौम्य शाम्पू वापरा, माझी कशालाच हरकत नाही. केस गळतात म्हणून धुणंच बंद करणं मात्र चुकीचं आहे. घाम आणि लोकलची धूळ टाळूवर साठली की खाज आणि कोंडा येतो, मग दोन तक्रारी होतात.

पोटातून कोणती औषधं घ्यावीत?

वैद्याने नाडी-जीभ-पोट बघून आणि रिपोर्ट वाचून दिलेली. इथे नावं लिहितो ती दुकानातून उचलण्यासाठी नाही, तुम्हाला काय दिलं जातंय ते कळावं म्हणून.

भूक मंद असेल तोवर दीपन-पाचन, म्हणजे भूक आणि पचन वाढवणारी औषधं: सुंठ, जिरं, ओवा, क्वचित एखादा आसव किंवा अरिष्ट. भूक आली की रसायन, म्हणजे बळ देणारं औषध. त्यात आवळा पहिला. हंगामात रोज एक ताजा आवळा, मीठ न लावता, हे सगळ्यात स्वस्त रसायन. च्यवनप्राशही आवळ्याचाच, पण त्यात साखर बरीच असते. मधुमेह्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. पुढे प्रकृतीनुसार शतावरी, ज्येष्ठमध, माका. रक्त कमी असेल तर धात्री लोह किंवा मंडूराचे कल्प. त्यात लोहभस्म असतं, म्हणून डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या चालू असतील तर दोघांनाही एकमेकांची औषधं सांगा.

आता गुळवेल. कोविडच्या काळात मुंबईत घरोघरी तिचा काढा महिनोन्‌महिने उकळला. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा मुद्दा मांडला. वाद काही असो, मी स्वतः यकृताचा आजार, कावीळ किंवा स्वतःच्याच पेशींवर उलटणारे आजार असलेल्यांना गुळवेल देत नाही, आणि इतरांनाही मोजके दिवस. डेंग्यू-लेप्टोत यकृताला आधीच मार बसलेला असू शकतो. अश्वगंधाही थायरॉइडचं औषध चालू असताना किंवा गरोदरपणात आपल्या मनाने घेऊ नका.

लेबल नसलेली पुडी, ‘गुप्त भस्म’, ट्रेनमध्ये चिकटवलेल्या जाहिरातीतली गोळी यांच्या वाटेला जाऊ नका. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली होती. २००४ च्या त्या अभ्यासात १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेलं औषध घ्या आणि बिल मागा.

नस्य, शिरोधारा, जळवा यांची पॅकेजेस सांगितली आहेत. घेऊ का?

नस्याला, म्हणजे नाकात औषधी तेल सोडण्याला, आधार आहे. नाक हे शिराचं दार, असं ग्रंथवचन आहे आणि खालित्यात नस्य सांगितलेलंच आहे. पण पूर्ण नस्यकर्म वैद्याच्या हातून, बळ आल्यावर. घरी फार तर अणुतेलाचे दोन-दोन थेंब, तेही सर्दी, ताप नसताना. गिळताना ठसका लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरी अजिबात नको, तेल फुप्फुसात जाण्याची भीती असते.

शिरोधारेने, म्हणजे कपाळावर तेलाची संथ धार धरल्याने, झोप सुधारते. केस उगवतात असं मी सांगणार नाही.

जळवा आणि टोचून रक्त काढणं चाईच्या चट्ट्यांसाठी आहे. नुकत्याच तापातून उठलेल्या, हिमोग्लोबिन नऊ असलेल्या बाईचं रक्त केसांसाठी काढायचं, याला काय म्हणावं? माझ्याकडे अशी एक आली होती. कोणत्यातरी ‘सेंटर’ने बारा बैठकांचे पैसे आगाऊ घेतले होते. दुर्बळाला शोधन (शरीरातून दोष बाहेर काढण्याचे उपचार) नको, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात.

रक्ताच्या कोणत्या तपासण्या कराव्यात?

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी). गरज वाटली तर बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाची शिल्लक, तळाला गेलेली असू शकते. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांत हे नेहमीचं. एक खोच आहे: ताप किंवा सूज असताना फेरिटिन वाढलेलं दिसतं. म्हणून ऐन आजारपणातला आकडा बघून निश्चिंत होऊ नका, महिना-दीड महिन्याने करा.

बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत, राहू देऊ?

बायोटिनची कमतरता असणारी माणसं विरळाच. शिवाय जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्या बिघडवतं. त्यात थायरॉइड आहे आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिनही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. तपासणीआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा.

टक्कल केलं तर केस दाट येतात का?

टायफॉइडनंतर पोरांचं टक्कल करायची जुनी रीत आहे. वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो, खालच्या मुळाला त्याचा पत्ताही नसतो. कापलेलं टोक बोथट असल्याने हाताला दाट लागतं, एवढंच. गळणारे केस दिसत नाहीत म्हणून मनाला बरं वाटणार असेल तर करा.

कांद्याचा रस?

२००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी चाईच्या चट्ट्यांवर लावून पाहिला होता, बऱ्याच जणांचे केस आले. तुमची गळती चाई नाही. आणि सकाळच्या गर्दीच्या डब्यात बाकीच्यांचाही विचार करा.

किती दिवसांत थांबेल?

बहुतेकांची गळती सुरू झाल्यापासून तीन ते सहा महिन्यांत आपणहून आवरते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वेणीची जाडी परत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. थांबल्याची पहिली खूण कपाळाच्या कडेला दिसते: दीड-दोन सेंटिमीटरचे बारीक केस सरळ उभे राहतात, भांग पाडला तरी बसत नाहीत. बायका त्यांना ‘तुटलेले केस’ म्हणून रडत येतात. ते नवे केस आहेत.

इथे माझीच गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला आणि पुढे यथाक्रम केस. वैद्य असून मी घाबरलो. पहिलं तेल महिनाभर लावलं, फरक नाही. दुसरं मोठ्या वैद्यांनी सुचवलेलं, तेही महिनाभर. तिसरं मी स्वतः सिद्ध केलं, आणि तीन आठवड्यांत उशी स्वच्छ! पुढचे सहा महिने मी ते तेल पेशंटना छातीठोकपणे दिलं. मग एकदा डायरीत तारखा जुळवल्या. तिसरं तेल सुरू केलं तेव्हा तापाला साडेपाच महिने होऊन गेले होते. त्या आठवड्यात मी गोडंतेल लावलं असतं तरी उशी स्वच्छच झाली असती. तेव्हापासून ‘अमक्याच्या तेलाने महिन्यात थांबले’ असं कोणी सांगितलं की मी आधी तापाची तारीख विचारतो.

त्वचारोगतज्ज्ञाकडे कधी जायचं?

नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले, भुवया किंवा दाढीचे केस जाऊ लागले, टाळूवर पू, खपल्या, जळजळ आली, भांग मधोमध रुंदावत चालला, किंवा सहा महिने उलटूनही गळती तशीच राहिली तर थांबू नका. लहान मुलाच्या डोक्यात खवले धरून केस तुटत असतील तर ते नायट्याचं काम असू शकतं. त्याला तेल चोळत बसू नका, पोटातून औषध लागतं.

केमोथेरपीची गळती पूर्ण वेगळी आहे. ती दोन-तीन आठवड्यांतच सुरू होते, कारण तिथे वाढता केसच तुटतो. उपचार चालू असताना कोणतंही रसायन, काढा किंवा भस्म कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका. काही वनस्पती त्या औषधांच्या कामात ढवळाढवळ करतात.

रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची काही औषधंही केस गळवतात. मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्यांना विचारा.

मुंबईत कमी खर्चात कुठे दाखवता येईल?

आयुर्वेदासाठी वरळीचं पोदार रुग्णालय सरकारी आहे, शीवला आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. त्वचारोगासाठी परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय. सकाळी लवकर जा, रांग मोठी असते.

येताना काय आणू? केस आणू का?

केस नकोत. डिस्चार्ज कार्ड, आजारपणातले आणि त्यानंतरचे रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं (शेजारच्या काकूंनी दिलेलं चूर्णही), आणि ताप कोणत्या तारखेला आला, कधी उतरला ते कागदावर लिहून. आदल्या दिवशी केस धुऊ नका, तेल लावू नका. केस काळे केले असतील तर कधी केले तेही सांगा.